आलिशान मोटार आणि आसनातला पंखा

मे महिन्यात आमगावच्या बाजारपेठेत तासभर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले, की काळ्या चामड्याचे आसन ही शिक्षाच वाटते. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा ठिकाणी आसनाखाली पंखे असणे ही चैन म्हणावी की गरज? पन्नास-साठ लाखांच्या मोटारीत ही सोय मूळ किमतीतच मिळावी काय, हा वाद म्हणूनच केवळ हौसेचा उरत नाही.

या आसनाची रचना साधी आहे. आत बसवलेले छोटे पंखे सच्छिद्र आवरणातून हवा खेळवतात आणि पाठीशी साचलेला घाम वाळतो. आसन स्वतः थंडावा निर्माण करीत नाही. वातानुकूलन बंद असेल तर त्याचा उपयोग थोडाच. २०१९ साली आलेल्या किया सेल्टोसच्या वरच्या प्रकारांत ही सोय होती आणि त्यांची शोरूम किंमत वीस लाखांच्या आत होती. कित्येक पटींनी महाग अशा काही युरोपीय मोटारींच्या प्रारंभिक प्रकारांत मात्र ती आढळत नाही. थंड प्रदेशातील या कंपन्यांना आसन तापवण्याची चिंता अधिक. आमगावात ते काम सूर्य फुकटात करतो.

खरे कारण उत्पादनपद्धतीत आहे. जर्मनीत ग्राहक यादीतून एकेक वस्तू निवडतो आणि कारखाना तशी मोटार बांधून देतो. भारतात बहुतेक आलिशान मोटारी सुट्या भागांच्या संचांतून जोडल्या जातात. मर्सिडीज-बेंझची जोडणी १९९५ पासून पुण्यात होत आली असून २००९ पासून ती चाकणच्या कारखान्यात होते. विक्री मर्यादित असल्याने प्रत्येक आवडीनुसार वेगळा संच मागवणे परवडत नाही. कंपनी मोजकेच प्रकार ठरवते. ज्याला फक्त पंख्याचे आसन हवे, त्याला मग काचेचे छत आणि महागडी ध्वनियंत्रणाही विकत घ्यावी लागते.

सर्व सोयी सरसकट द्याव्यात, या मागणीलाही अर्थात किंमत आहे. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर राज्याचा वाहन कर. एक लाखाची सोय ग्राहकाला दीड लाखाच्या पुढे पडते. त्यामुळे ध्वनियंत्रणा वा रंगीत दिवे ऐच्छिक राहणेच बरे. आसनातील हवेचा प्रश्न निराळा; येथील हवामानात ती मूळ किमतीतच हवी.

२०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरिया, ब्रिटन आदी देशांत याहून पुढची मजल मारली. मोटारीत आधीच बसवलेली आसने गरम करण्यासाठी मासिक शुल्काचा पर्याय ठेवला. ग्राहक संतापले आणि २०२३ मध्ये कंपनीने ती योजना सोडली.

आमगावहून नागपूरची विक्री दालने दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहेत आणि तेथील मोटार वातानुकूलित दालनात उभी असते. ग्राहकाने ती दुपारी उन्हात उभी करवून मगच बसून पाहावे. चामड्याला छिद्रे आहेत, पण खाली पंखे नाहीत, हे तेव्हाच कळते.