‘वेप’ आणि शास्त्रोक्त धूमपान

घोडेगावचा जनावरांचा बाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. बाजाराला येणाऱ्या कासाच्या रुग्णास ‘दिवसाला विड्या किती?’ असे विचारण्याची आम्हास सवय आहे. अलीकडे मात्र एका पालकाने मुलाच्या दप्तरात सापडलेली रंगीत प्लास्टिकची नळी आमच्यापुढे ठेवली. ‘यात तंबाखू नाही, धूर नाही, आणि आयुर्वेदात धूमपान सांगितलेच आहे,’ असे चिरंजीवांचे म्हणणे होते. याचे उत्तर वैद्याजवळ तयार असावे.

एकदा वापरून फेकण्याच्या या वेपमध्ये लिथियमची बॅटरी, तापणारी तार आणि द्रवात भिजलेला बोळा असतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंध व बहुधा निकोटीनचे क्षार असतात. क्षारामुळे घशास तीक्ष्णता जाणवत नाही, म्हणून मात्रा नकळत वाढते.

गुण नाहीतच असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. येथे ज्वलन नसल्याने विडीतील डांबर व कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ टळतात. निकोटीनयुक्त ई-सिगारेटने काही प्रौढांची सिगारेट सुटते, असे कॉक्रेनच्या आढाव्यातही आढळले आहे. परंतु ज्याने विडी कधी ओढलीच नाही, त्या मुलास यातून फक्त व्यसन मिळते.

आता शास्त्राकडे वळू. चरकांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे धूमाचे तीन प्रकार सांगितले. नेत्राची लांबी अनुक्रमे 36, 32 व 24 अंगुले. धूम दुरून व मंद होऊन यावा, हा हेतू. प्रायोगिक दिवसातून अधिकाधिक दोनदा, स्नैहिक एकदाच. वाग्भटांनी तर अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम वर्ज्य ठरविला. वेपला ना काळ, ना मात्रा, ना वयाचे बंधन; मूल दिवसभर खिशातून काढून ओढत राहते. तंबाखू तर संहिताकारांना ठाऊकच नव्हती.

‘हर्बल’ वेपविषयी आम्हास अधिक काळजी वाटते. अमेरिकेत 2019-20 मध्ये वेपजन्य फुप्फुसविकाराचे 2,807 रुग्ण नोंदले गेले; फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 दगावले. बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्याचे द्रव ओढले होते आणि त्यात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी या विकाराचा दृढ संबंध आढळला. पोटात व त्वचेवर निरुपद्रवी असलेले द्रव्य फुप्फुसात घातक ठरू शकते, हे तेल वा अर्क तापवून हुंगण्यास सांगण्यापूर्वी आपणही ध्यानात घ्यावे. शिवाय 2019 च्या केंद्रीय कायद्याने निकोटीन असो वा नसो, अशा उपकरणांचे उत्पादन, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्रिटननेही 1 जून 2025 पासून एकदा वापरून फेकण्याच्या वेपची विक्री बंद केली. त्यामागे मुलांइतकाच कचऱ्याचाही प्रश्न होता.

व्यसन सोडविताना आम्ही चरकोक्त पादांशक्रम वापरतो : अहितकर सवय चतुर्थांशाने कमी करीत, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत जाणे. विड्या मोजता येतात, म्हणून बारांच्या नऊ करता येतात. बंद नळीतील निकोटीनचा चतुर्थांश कसा काढावा? त्या मुलास आम्ही नळी एकदम सोडावयास लावली आणि 1800-11-2356 ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा वडिलांना लिहून दिली. नळी चुलीत टाकू नये, आतील बॅटरीचा स्फोट होऊ शकतो, हेही त्यांना सांगितले.