मेंदूची मालकी आणि मेमरिस्टर

मी धानोऱ्यात राहतो, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. ‘डोक्याचं काम तुमचं नव्हे’ हे आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्यामुळे मेंदूसारखे यंत्र घडवण्याचा खटाटोप चालला आहे, असे वाचले की मी कान टवकारतो.

आजच्या संगणकात स्मरणाची जागा वेगळी, हिशेबाची वेगळी. दोहोंमधल्या ने-आणीतच पुष्कळ वीज खर्ची पडते. मेंदूत ही फाळणी नाही. तिथे सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांची जोडणी जिथे राबते तिथेच आठवणही धरते. सारा कारभार साधारण २० वॅटवर, एका दिव्याच्या विजेवर!

या जोडणीची नक्कल करणारा घटक म्हणजे मेमरिस्टर. लिऑन चुआ यांनी १९७१ साली तो कागदावर मांडला. २००८ साली एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅनली विल्यम्स यांच्या गटाने तो प्रत्यक्षात दाखवला. दोन धातूंच्या मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. विजेच्या दाबाने थरातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकतात, रोध बदलतो, आणि वीज तोडली तरी बदललेलाच राहतो. सातपुड्यातली पायवाट अशीच. माणसे चालली की मळते, रात्री कुणी नसले तरी मळलेली राहते. फक्त इथे उलटा दाब देऊन वाट बुजवताही येते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. तुकाराम डोंगळे आणि त्यांचे सहकारी याच मेमरिस्टरवर संशोधन करतात. माझ्या विद्यार्थ्यांना कोल्हापूर ठाऊक असते, हे काम नसते.

दुसरी वाट थेट मेंदूत शिरते. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने हातपाय लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवल्या. नुसते मनात आणून तो पडद्यावरचा बाण हलवू लागला. त्यात चिप नेहमीचीच आहे. पण कवटीत तापणारे यंत्र चालत नाही, म्हणून कमी विजेच्या मेमरिस्टरकडे संशोधकांची नजर आहे.

उंचावरून पडून लुळा झालेल्या मजुराला हे मिळाले तर मी त्याचे स्वागतच करीन. पण त्याच्या मेंदूतून निघालेला संकेत कुणाच्या खतावणीत जमा होणार? चिली देशाने २०२१ साली राज्यघटना दुरुस्त करून मेंदूतल्या हालचालींना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले. आपल्याकडे निदान एवढे व्हावे, की तार घालण्याआधीचा संमतीचा कागद माणसाला त्याच्या भिलीत, पावरीत, अहिराणीत वाचून दाखवला जाईल, आणि ‘नको’ म्हणण्याची जागा त्यावर असेल. नुसत्या अंगठ्याला मी संमती मानत नाही.