वृद्धाश्रमाचा प्रश्न तारांकितच हवा

पर्वरीच्या विधानसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते, उपप्रश्नाला वाव नसतो. पंचायतींचा निधी किंवा पोलिसांतील रिक्त पदे यांचे आकडे लेखी उत्तरातही कळतात. वृद्धाश्रमांच्या देखरेखीचे तसे नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याचे कलम १९ जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्धांच्या निवासाची अपेक्षा ठेवते. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही जुनी सरकारी संस्था वृद्धाश्रम चालवते. अंथरुणाला खिळलेला वृद्ध तक्रार घेऊन कार्यालयात जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने आमदारानेच विचारायचे. ‘तपासणी होते का?’ या प्रश्नाला ‘होय’ एवढे उत्तर पुरते. शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, त्रुटी कोणत्या आढळल्या, असे विचारले की मंत्र्यांना कागद उघडावे लागतात.