पहाटेचे गार पाणी आणि पहिले एक मिनिट

बंगळुरू : समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या बंगळुरूत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. १३ जानेवारी १८८४ रोजी तो ७.८ अंश सेल्सिअसवर गेला होता आणि तो नीचांक अजून मोडलेला नाही. याच थंडीच्या दिवसांत पाणी निवांत असते, वारा पडलेला असतो आणि फळीवर उभे राहून वल्हवण्याचा, म्हणजे स्टँड-अप पॅडल सर्फिंगचा, छंद असलेल्यांना पहाट खुणावू लागते.

राजाजीनगरसारख्या जुन्या वसाहतीत राहणाऱ्याला मात्र या छंदासाठी घरापासून दूर जावे लागते. मल्लेश्वरमपलीकडचा सँकी तलाव जवळ आहे. कर्नल रिचर्ड सँकी यांनी १८८२ मध्ये बांधलेल्या या तलावाच्या काठी पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते; पण ती काठावरची. शहरातील इतर अनेक तलावांत सांडपाणी मिसळते, तेव्हा तेथे अंग भिजवण्याचा विचारही नको. उरतात दोन वाटा. एक पठारावरच्या धरणांच्या जलाशयांची, दुसरी घाट उतरून तीन-साडेतीनशे किलोमीटरवरच्या मंगळुरू किनाऱ्याची. थंडीच्या दृष्टीने या दोन्ही पाण्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आणि नवख्या माणसाची गफलत बहुधा येथेच होते.

किनाऱ्यावरचे मुल्की हे भारतातील सर्फिंगचे एक आद्य केंद्र. शांभवी आणि नंदिनी या नद्या जेथे समुद्राला मिळतात, त्या ससिहित्लू येथे मार्च २०२४ मध्ये पॅडलिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. याच किनाऱ्याची तन्वी जगदीश आणि तमिळनाडूतील कोवलमचा शेखर पच्चाई यांनी २०१६ मध्ये फिजीतील जागतिक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. या किनाऱ्यावरचे पाणी ऐन हिवाळ्यातही कोमटच असते. तेथे भय थंडीचे नाही, वाऱ्याचे आहे. शालेय भूगोलात शिकलेले मतलई वारे रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यामुळे किनाऱ्यालगतचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. पण फळीवर ताठ उभा राहिलेला माणूस म्हणजे एक छोटे शीडच. पाठीमागून येणारी झुळूक त्याला नकळत आत नेते. परतताना तोच वारा समोरून लागतो आणि दमलेल्या हातांना अंतर कापवत नाही. म्हणून जाणकार जाताना वाऱ्याविरुद्ध निघतात आणि येताना वारा पाठीशी ठेवतात. तसे जमण्याजोगे नसेल, तर किनारा सोडत नाहीत. वारा अंगावर आलाच तर गुडघ्यांवर बसायचे, त्याहून वाढला तर पालथे झोपून हातांनी पाणी कापायचे, हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते.

पठारावरच्या जलाशयात परिस्थिती उलटी. पहाटे पाण्यावर धुके तरंगताना दिसते आणि पाहणाऱ्यालाच हुडहुडी भरते. वास्तविक हे धुके पाणी हवेपेक्षा उबदार असल्याची खूण आहे. उबदार पाण्याची वाफ गार हवेत थिजते, म्हणून ते दिसते. बोट बुडवून पाहणाऱ्याला त्यामुळे पाणी सुखद वाटते. पण हवेपेक्षा उबदार म्हणजे शरीराला मानवणारे, असे नाही. शरीराचे तापमान सदतीस अंश. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. थंड पाण्यातील मृत्यूंचा दीर्घकाळ अभ्यास करणारे पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांच्यासह अनेक संशोधकांनी दाखवून दिले आहे की, अकस्मात पाण्यात पडलेल्या उघड्या त्वचेची प्रतिक्षिप्त क्रिया पंचवीस अंशांखालीच सुरू होते आणि दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान ती टोकाला पोहोचते. म्हणजे बर्फाळ नदीचीच गरज नाही. हिवाळ्यातील आपल्याकडचे एखादे धरणही या कक्षेत येऊ शकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी ज्या दिवशी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, त्या पहाटेचे पाणी तर निश्चितच.

ही प्रतिक्षिप्त क्रिया नेमकी काय आहे, हे समजून घेणे पोहण्याच्या कौशल्यापेक्षा महत्त्वाचे आहे. त्वचा एकदम गार पडताच माणूस तोंडाने मोठा श्वास ओढतो. हा श्वास त्याच्या इच्छेने घेतलेला नसतो, रोखूही म्हणता रोखता येत नाही. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्याला आता काही सेकंदही तो धरून ठेवता येत नाही. त्या पहिल्या श्वासाच्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जाते. पट्टीचा पोहणाराही येथे असहाय ठरतो. हृदयविकार असलेल्यांना हा झटका वेगळ्या वाटेने, हृदयाच्या तालात बिघाड होऊन, घातक ठरू शकतो.

थंडीने गारठून मरण येते ही सर्वसाधारण समजूत म्हणून अपुरी आहे. शरीराचे अंतर्गत तापमान पस्तीस अंशांखाली जाण्यास अतिथंड पाण्यातही अर्धा तास किंवा त्याहून अधिक अवधी लागतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अतिथंड पाण्यासाठी रूढ केलेला ‘एक-दहा-एक’ हा आडाखा हेच सांगतो : श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्यासाठी सुमारे दहा मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण एक तास. बुडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हा तास कधी पाहतच नाहीत. ते पहिल्या मिनिटात किंवा त्यानंतरच्या दहा मिनिटांत गमावले जातात. पाण्यात पडताच किनाऱ्याकडे पोहत सुटण्याऐवजी डोके मागे टाकून, हात पसरून तरंगत राहावे आणि श्वास शांत होईपर्यंत दुसरे काही करू नये, असा सल्ला ब्रिटनची जीवरक्षक नौका संस्था देते, तो याच कारणाने. अंगात तरंगते जॅकेट असेल तर तोंड पाण्यावर ठेवण्याचे काम ते जॅकेट करते. नसेल, तर धापा टाकणाऱ्यालाच ते करावे लागते.

फळीला बांधलेल्या दोराचेही तसेच. उलटलेली फळी ही हाताशी असलेली नावच असते; ती वाऱ्याने निसटली की माणूस एकटा पडतो. स्थिर पाण्यात आणि लाटांवर दोर घोट्याला बांधतात. वाहत्या नदीत मात्र हाच दोर फास होतो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी सकाळी वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट येथे पावसाने फुगलेल्या नदीत पॅडलबोर्डवरून गेलेला एक गट बंधाऱ्यावरून खाली ओढला गेला आणि चौघांचा मृत्यू झाला. ब्रिटिश सागरी अपघात तपास विभागाने अयोग्य दोरांकडे, तसेच नियोजन आणि प्रशिक्षणातील उणिवांकडे बोट दाखवले. सहल नेणाऱ्या संस्थेच्या मालकिणीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. प्रवाहात कमरेला बांधायचा आणि एका झटक्यात सुटणारा दोरच वापरावा, हा नियम त्या खेळात आधीपासून होता. हिमालयातून उतरलेल्या गंगेच्या थंड प्रवाहात ऋषिकेशला फळी घेऊन उतरणाऱ्या दक्षिणेतल्या पर्यटकाला तो माहीत असतोच, असे नाही.

कपड्यांबाबत आपल्याकडची सवय फारशी उपयोगाची नाही. सुती सदरा भिजला की अंगाला चिकटतो आणि वाऱ्यात उष्णता उडवत राहतो. पठारावरच्या जलाशयात पाण्यापेक्षा, पडून पुन्हा फळीवर चढल्यानंतरचा हा ओला गारठाच अधिक काकडवतो. निओप्रीनचा पोशाख शरीरालगत पाण्याचा पातळ थर अडवून धरतो आणि तो थर अंगाच्या उबेने गरम होतो. पातळ पोशाखही आपल्या हिवाळ्यात पुरतो. हवा भरलेल्या फळीची आणखी एक खोड आहे. काठावर ऊन खात पडलेल्या फळीत भरलेली हवा गार पाण्यात आकसते, दाब उतरतो आणि फळी मधोमध वाकून डुलू लागते. पाण्यात ठेवून काही मिनिटांनी ती पुन्हा दाबून पाहणे इष्ट.

शरीराला सवय लावता येते, हे मात्र दिलासादायक आहे. थंड पाण्यात दोन-तीन मिनिटांचे पाच-सहा अवगाहन, अर्थात उथळ जागी आणि सोबतीने, केल्यास श्वासाचा तो पहिला झटका बराच ओसरतो आणि हा परिणाम काही महिने टिकतो. बाहेर आल्यावर ओले कपडे आधी उतरवावेत, अंग कोरडे करून डोके झाकावे, गोड गरम चहा घ्यावा. मद्य त्वचेकडील रक्तप्रवाह वाढवून उरलीसुरली ऊबही घालवते. काठावर आल्यानंतरही काही मिनिटे शरीराचे तापमान उतरतच राहते. त्यामुळे थरथर थांबण्यापूर्वी गाडीच्या चाकामागे बसून परतीच्या रस्त्याला लागणे टाळावे.