अंकुर आणि खताचे क्षार

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात शेणवा नावाचे गाव आहे. या तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यात भात हे मुख्य पीक होय. मृगाच्या सरी पडल्या म्हणजे शेतकरी थोड्याशा उंच जागेवर भाताचे बी पेरतात. सुमारे तीन आठवड्यांनी रोपे तयार होतात. मग ती उपटून त्यांच्या मुठी बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरांत त्यांची लावणी करतात. साऱ्या खाचरांचे भवितव्य अशा रीतीने एका लहानशा वाफ्यावर अवलंबून असते. त्यातील रोपे करपली, तर पुन्हा पेरायला घरात बी शिल्लक असतेच असे नाही. आणि बी असले, तरी पाऊस कोणासाठी थांबत नाही.

रोपे करपण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक मात्र चमत्कारिक वाटते. पिकाला जोम यावा म्हणून घातलेले खतच कधी कधी त्याच्या नाशाला कारण होते! खत हे जर पिकाचे अन्न, तर त्याच अन्नाने रोपाचा जीव का जावा?

या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले, की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. ते पाणी बाहेरून आलेले नसते. ते फोडींतूनच निघालेले असते. प्रत्येक सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीभोवती जे पातळ पटल असते, त्यातून पाणी सहज आरपार जाते, पण विरघळलेले क्षार तितक्या सहजतेने जात नाहीत. पटलाच्या ज्या बाजूस क्षार अधिक, त्या बाजूकडे पाणी ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात.

जमिनीतील पाणी मुळांत शिरते तेही याच नियमाने. मुळांतील रस मातीतल्या पाण्यापेक्षा अधिक दाट असतो, म्हणून पाणी मुळांकडे जाते. आता अमोनियम सल्फेट, म्युरिएट ऑफ पोटॅश यांसारखी रासायनिक खते हे क्षारच आहेत. ती अल्प प्रमाणात पसरली, तर मुळे पाण्याबरोबर ती शोषून घेतात. परंतु त्यांची मूठभर रास मुळाजवळच पडली, तर तेथील पाणी मुळांतील रसाहून दाट होते. मग पाणी मुळांत शिरण्याऐवजी मुळांतूनच बाहेर पडू लागते. भोवती ओल असूनही रोप तहानलेले राहते. त्याच्या पानांचे शेंडे प्रथम पिवळे पडतात, मग तपकिरी होतात आणि अखेर रोप माना टाकते.

बियांची स्थिती याहून नाजूक असते. साठवणीतल्या भाताच्या दाण्यात शेकडा बारा ते चौदा भागच पाणी असते. दाण्यातील जीव जागा होण्यासाठी त्याने पुष्कळ पाणी शोषून घ्यावे लागते. भोवती क्षार दाट असतील, तर दाण्याला पुरेसे पाणी मिळत नाही. तो उशिरा रुजतो किंवा रुजतच नाही. पोचट बी वेगळे काढण्यासाठी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाकण्याची पद्धत आहे. हलके दाणे तरंगतात. ते काढून टाकतात. तळाशी बसलेले निरोगी बी मात्र स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊनच सावलीत वाळवतात. हे धुणे किती महत्त्वाचे आहे, हे आता सहज ध्यानात येईल.

सर्व खते सारखीच तीव्र नसतात. १९४३ साली अमेरिकेत रेडर व त्यांचे सहकारी यांनी खतांची या दृष्टीने तुलना केली. सोडियम नायट्रेटची तीव्रता १०० मानली, तर तितक्याच वजनाच्या म्युरिएट ऑफ पोटॅशची सुमारे ११६, युरियाची ७५, अमोनियम सल्फेटची ६९, आणि साध्या सुपर फॉस्फेटची केवळ ८ भरते. यावरून युरिया मध्यम प्रतीचा वाटेल. परंतु त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो क्षार नव्हे. पाण्यात विरघळल्यावर तो क्षारांप्रमाणे पाणी ओढून धरतो, आणि शिवाय मातीत त्याचे अमोनियात रूपांतर होते. गुरांच्या मूत्रातही युरिया असतो. त्यापासून निघालेल्या अमोनियामुळेच गोठ्यात उग्र वास येतो. हा वायू बियाजवळ साठला, तर कोवळा कोंब जळून जातो. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणून तो बियात मिसळून पेरू नये.

धोका हवामानावरही अवलंबून असतो. भरपूर ओल असेल, तर क्षार पाण्यात पसरतात आणि त्यांची तीव्रता कमी होते. पण जूनमध्ये पेरणी होऊन पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, की मातीतील पाणी आटते. क्षार मात्र तेथेच राहतात आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. वाळूसर जमिनीत ही गोष्ट लवकर घडते. चिकणमाती व कुजलेले शेणखत असलेली जमीन ओल आणि क्षार दोन्ही धरून ठेवते. त्यामुळे तेथे रोपांना आधार मिळतो.

कोकणातील शेतकरी पूर्वीपासून रोपांसाठी राब भाजीत आले आहेत. पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, गवत व शेण यांचे थर जमिनीवर रचून उन्हाळ्यात ते जाळतात. राखेतही क्षार असतात. पण ते पातळ पसरलेले असतात आणि पहिल्या पावसात मातीत मुरतात. मात्र राबासाठी झाडांची फार तोड होते आणि मातीला मिळू शकणारा पाला जळून जातो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी प्रसारात आणलेल्या चारसूत्री भातशेतीत राब न भाजता वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. लावणीनंतर चार चुडांच्या मध्यभागी युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. लावणीच्या दिवशी मुळे गोळीपासून दूर असतात. ती वाढत वाढत जवळ येतात, तोपर्यंत गोळी चिखलात हळूहळू विरघळून पसरलेली असते. अन्न जवळ असते, पण अंगावर पडत नाही. हेच या युक्तीचे मर्म होय.

विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. तीन बशांत ओले फडके पसरून प्रत्येकीत वीस मूग ठेवावेत. पहिलीत साधे पाणी शिंपडावे. दुसरीत पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून केलेले, आणि तिसरीत दोन चमचे मीठ घालून केलेले पाणी शिंपडावे. रोज किती मुगांना मोड आले, ते वहीत लिहावे. पहिल्या बशीत मोड लवकर दिसतील, दुसरीत उशिरा व तोकडे येतील, आणि तिसरीतील मूग बहुधा तसेच राहतील. तीनही बशांत पाणी होते. पण तिसऱ्या बशीतील पाणी मुगांना पिता आले नाही.

खत पिकाला हवेच असते. त्याच्यावाचून जमीन वर्षानुवर्षे भरघोस पीक देऊ शकणार नाही. मात्र ते मातीची परीक्षा करून योग्य मापाने द्यावे. एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. जमिनीत ओल असताना द्यावे, आणि बियांपासून व कोवळ्या मुळांपासून थोडे अंतर राखून द्यावे. जे खत महिन्याभराच्या रोपाला बळ देते, तेच नुकत्या फुटलेल्या कोंबाला विष ठरू शकते. “अति तेथे माती” असे आपले वाडवडील म्हणत आले. शेतात मात्र अति झाले, तर पिकाची माती होते.

स्वाध्याय

१. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटते?
२. मिठाच्या पाण्यातून काढलेले बी स्वच्छ पाण्याने का धुतात?
३. पावसाने दडी मारली असता खतापासून रोपांना अधिक धोका का असतो?
४. आपल्या गावातील शेतकरी खत केव्हा व कसे देतात, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.