‘कॅटेगरी वनच तर आहे!’

ऑक्टोबर महिना आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे वळलेलं वादळ असा योग आला, की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आणि तिथे पुण्या-ठाण्याहून काळजीनं फोन करणाऱ्या आईवडिलांच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘अहो, कॅटेगरी वनच तर आहे, एवढं काय घाबरायचं?’ त्याला शेपूट म्हणून दुसरं : ‘इथे आता थंडी पडलीय, झाडांची पानं लाल झालीत. वर येईपर्यंत ते वादळ विझून जाईल.’ ज्यांना हवामानातलं काही कळत नाही त्यांनी असं म्हटलं तर समजू शकतं. पण रोज उपग्रहाची चित्रं आणि मॉडेलांचे नकाशे पाहणारी हौशी मंडळीही हेच बोलतात, तेव्हा चिडचिड होते. कारण या दोन्ही वाक्यांचा निकाल २९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू जर्सीच्याच किनाऱ्यावर लागलेला आहे. त्या वादळाचं नाव सँडी.

आधी कॅटेगरी म्हणजे काय ते पाहू. हर्बर्ट सॅफिर हे स्थापत्य अभियंते आणि रॉबर्ट सिम्प्सन हे अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे तेव्हाचे संचालक. या दोघांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक ते पाच अशी पट्टी तयार केली. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला की कॅटेगरी एक सुरू होते, २५२ पासून पाच. हा वेग वादळात सगळीकडे नसतो. वादळात कुठेही आढळलेला, एक मिनिटाच्या सरासरीनं मोजलेला, सर्वांत जास्त वेग तेवढा यात धरतात. वादळ किती रुंद आहे, किती सावकाश चाललंय, किती पाऊस पाडणार, समुद्र किती आत ढकलणार, यातलं काहीही त्या आकड्यात नाही.

पूर्वी या पट्टीला केंद्रातला दाब आणि समुद्राच्या फुगवट्याची अंदाजे उंचीही जोडलेली असे. २०१० मध्ये हरिकेन केंद्रानं ही जोड काढून टाकली, कारण अनुभव उलटाच येत होता. २००४ चं चार्ली फ्लोरिडाला धडकलं तेव्हा कॅटेगरी चारचं होतं आणि त्यानं समुद्र ६ ते ८ फूट फुगवला. २००५ चं कॅटरिना धडकताना कॅटेगरी तीनचं होतं आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे २८ फुटांपर्यंत चढलं. म्हणजे ज्यांची ही पट्टी, तेच सांगतात की हिच्यावरून पाणी मोजू नका. तरी आपण मोजतोच. थर्मामीटर लावून रक्तदाब सांगण्यातला हा प्रकार आहे.

आता सँडी. कॅरिबियन समुद्रात जन्मलेलं हे वादळ २५ ऑक्टोबरला क्यूबावर आदळलं तेव्हा कॅटेगरी तीनचं होतं. चार दिवसांनी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते न्यू जर्सीत ब्रिगँटाइनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा कमाल वेग ताशी १३० किलोमीटर होता, म्हणजे आकड्यानं जेमतेम कॅटेगरी एक. शास्त्रीय व्याख्येनुसार तर ते हरिकेनही उरलं नव्हतं. उष्ण कटिबंधातल्या वादळाची रचना जाऊन ते काही तासांपूर्वीच ‘उष्णकटिबंधोत्तर’ झालं होतं. आणि या ‘किरकोळ’ वादळात अमेरिकेच्या मध्य-अटलांटिक आणि ईशान्य भागात ७२ माणसं थेट दगावली, ८५ लाख ग्राहकांची वीज गेली, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत समुद्राचं पाणी भरलं आणि तिथला शेअर बाजार सलग दोन दिवस बंद राहिला.

हे झालं कसं? पहिली गोष्ट आकाराची. वाऱ्याचा जोर एका ठिकाणी फार नव्हता, पण जोराचा वारा दीड हजार किलोमीटरहून अधिक रुंदीच्या समुद्रावर घोंघावत होता. इतक्या लांबरुंद पट्ट्यावरून वाऱ्यानं लोटलेलं पाणी कुठेतरी जायलाच हवं. दुसरी गोष्ट दिशेची. या किनाऱ्याजवळची बहुतेक वादळं किनाऱ्याला समांतर जाऊन ईशान्येकडे समुद्रात निघून जातात. सँडी डावीकडे वळलं आणि पूर्वेकडून जवळजवळ काटकोनात किनाऱ्यावर आलं. न्यू जर्सी आणि लाँग आयलंड यांचे किनारे एकमेकांशी काटकोन करतात. त्या कोपऱ्यात कोंडलेलं पाणी थेट न्यूयॉर्क बंदरात घुसलं. तिसरी गोष्ट कोकणातल्या कुठल्याही मच्छीमारानं न विचारता सांगितली असती : त्या दिवशी पौर्णिमा होती, आपल्याकडची कोजागिरी. उधाणाची भरती आणि वादळाचा फुगवटा रात्री नऊच्या सुमारास मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला जवळपास एकाच वेळी पोचले. तिथल्या मापकावर पाणी ओहोटीच्या सरासरी पातळीपासून सुमारे १४ फूट चढलं, त्यातले नऊ फुटांहून अधिक एकट्या वादळाचे. आकार, दिशा, तिथी. यातली एकही गोष्ट कॅटेगरीत धरलेली नाही.

आता त्या लाल पानांकडे वळू. ‘थंडीत वादळ विझतं’ हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य निस्तरायला जास्त त्रास पडतो. हरिकेनचं इंधन म्हणजे कोमट समुद्राची वाफ, त्यामुळे थंड पाण्यावर ते एरवी क्षीण होतं हे खरं. पण शरद ऋतूत उत्तर अमेरिकेवर पश्चिमेकडून थंड हवेचे पट्टे उतरू लागतात. थंड खंडीय हवा आणि दमट समुद्री हवा यांच्या तापमानातला फरक हाही ऊर्जेचा स्रोत आहे. त्या भागातली हिवाळी वादळं त्याच्यावरच पोसतात. सँडीला नेमका असा एक पट्टा भेटला. त्यानं वादळाला नवी ऊर्जा दिली आणि पसरट केलं. ग्रीनलंडच्या बाजूला ठाण मांडून बसलेल्या उच्च दाबानं ईशान्येकडची वाट अडवली आणि सँडी किनाऱ्याकडे खेचलं गेलं. म्हणजे ज्या थंडीच्या भरवशावर लोक निश्चिंत होते, तिनंच वादळाला घरी आणलं. त्याच वादळानं वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत काही ठिकाणी तीन फुटांपर्यंत बर्फ पाडला.

ऑक्टोबरमध्ये वादळांचा मोसम संपतो, हेही खरं नाही. अटलांटिकचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. हवा गार झाली तरी समुद्र उशिरा निवतो. ८८२ मिलीबार इतक्या विक्रमी कमी दाबाचं विल्मा २००५ च्या ऑक्टोबरातलंच आणि फ्लोरिडाला कॅटेगरी पाचनं झोडपणारं मायकेल २०१८ च्या ऑक्टोबरातलं.

मग कॅटेगरी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. छप्पर टिकेल का, हे विचारायचं असेल तर तिच्यासारखी चांगली पट्टी नाही. १९९२ च्या अँड्र्यूनं होमस्टेड परिसरातली घरं वाऱ्यानंच उद्ध्वस्त केली. पण माणसं बहुतांशी वाऱ्यानं मरत नाहीत. हरिकेन केंद्राचे एडवर्ड रॅपापोर्ट यांनी १९६३ ते २०१२ या काळातले अमेरिकेतले थेट मृत्यू तपासले, तेव्हा सुमारे ९० टक्के पाण्यामुळे झालेले निघाले. त्यातही समुद्राच्या फुगवट्याचा वाटा एकूण मृत्यूंच्या जवळपास निम्मा होता. सरकारी यंत्रणेनंही धडा घेतला. सँडीच्या वेळी वादळाचं स्वरूप बदलणार म्हणून नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तरेला हरिकेनचा इशारा दिलाच नव्हता. स्थानिक कार्यालयांनी वेगळ्या नावाचे इशारे दिले. २०१३ मध्ये त्याबाबतचा नियम बदलला आणि २०१७ पासून समुद्राच्या फुगवट्याचा स्वतंत्र इशारा सुरू झाला. बदललं नाही ते आपलं वाक्य.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘नकाशावरच्या शंकूच्या बाहेर आहोत, म्हणजे सुटलो.’ शंकू फक्त केंद्राच्या संभाव्य वाटेचा असतो, वादळाच्या पसाऱ्याचा नाही. सँडीचं केंद्र हैतीवरून गेलंच नाही, तरी पावसानं तिथे ५४ जणांचा बळी घेतला.

‘हवामानखात्याला आधी काही कळलंच नव्हतं.’ युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलनं सुमारे आठवडाभर आधीच डावं वळण दाखवलं होतं. मात्र दहा दिवस आधीचा एखादा भडक नकाशा उचलून व्हॉट्सॅपवर ‘पक्की बातमी’ म्हणून फिरवणं म्हणजे अंदाज नव्हे.

‘मागच्या वेळी उगाच घाबरवलं होतं.’ २०११ च्या आयरीननंतर न्यूयॉर्कमध्ये हेच बोललं गेलं. त्याच आयरीनच्या पावसानं व्हरमाँटमधले रस्ते आणि पूल वाहून नेले होते.

‘खिडक्यांवर चिकटपट्टीची फुली मारा.’ काच त्यानं वाचत नाही. उलट मोठे, धारदार तुकडे उडतात.

‘दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा.’ वारा आत घेऊन छपराला खालून धक्का द्यायचा असेल, तर जरूर ठेवा.

‘वारा थांबला, वादळ गेलं.’ कदाचित वादळाचा डोळा वरून जात असेल. मग दुसरी बाजू उलट दिशेच्या वाऱ्यासह यायची आहे.

पुढचं वादळ येईल तेव्हा फोनवर कॅटेगरी विचारा, पण तिथे थांबू नका. वारा किती रुंदीवर आहे, भरती किती वाजता आहे, पाऊस किती सांगितलाय आणि आपलं घर कोणत्या स्थलांतर-क्षेत्रात येतं, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर वादळ येण्याआधी, आजच शोधून ठेवता येतं. आणि प्रशासनानं घर सोडायला सांगितलं, तर कॅटेगरी कोणती आहे याची चर्चा गाडीत बसल्यावर करा.