उत्खनित खनिजाची मालकी आणि नोंदणी नसलेले साठेखत : एक विवेचन

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत 1997 साली समाविष्ट झालेल्या चऱ्होली बुद्रुकसारख्या गावांत शेतजमिनीवर निवासी प्रकल्प उभे राहिले. अशा परिसरातील जमीन खरेदीखतापूर्वी अनेकदा साठेखत, कुलमुखत्यारपत्र व ताबापावती यांवरच हातोहात फिरते. पायाचे खोदकाम सुरू होऊन मुरूम व दगड वर आला, की त्यावर तिघांचा दावा संभवतो : सातबाऱ्यावरील खातेदार, साठेखतधारक आणि शासन. पैसे मोजले म्हणजे आपण निम्मे मालक झालो, असा साठेखतधारकाचा समज असतो. हा समज कायद्यात कितपत टिकतो, याचा विचार येथे केला आहे.

इंग्लंडमध्ये जमीनविक्रीचा करार होताच खरेदीदाराचा जमिनीत समन्यायी हितसंबंध निर्माण होतो, असे मानले जाते. भारतीय कायद्याने ही संकल्पना स्वीकारलेली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत स्वतःहून कोणताही हितसंबंध वा बोजा निर्माण होत नाही. साठेखतधारकाच्या हाती राहतो तो करारपूर्ती मागण्याचा हक्क. कलम 53अ त्याच्या ताब्याला संरक्षण देते. परंतु 24 सप्टेंबर 2001 पासून झालेल्या करारांना तेही नोंदणीशिवाय मिळत नाही. मात्र कराराची माहिती असूनही ज्याने नंतर ती जमीन घेतली, त्याच्याविरुद्ध करारपूर्ती मागता येते आणि साठेखतधारकाचा प्रत्यक्ष ताबा ही अशी माहितीच समजली जाते. समन्यायाचा एवढा अंश आपल्या कायद्याने राखला आहे, आणि तो थोडका नव्हे.

जमिनीतून निघालेल्या खनिजाचा प्रश्न याहून वेगळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 48 खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवते. अनधिकृत उत्खननास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा खोदणाऱ्याचे साठेखत नोंदलेले आहे की नाही, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. उत्खननाचा परवाना होता काय, हे आधी पाहिले जाते.

या तत्त्वाचे सर्वांत ठळक उदाहरण गोव्यात घडले. पोर्तुगीज काळातील सवलतींचे 1987 च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले होते. त्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजी संपली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी गोवा फाउंडेशन प्रकरणात दिला. त्यानंतर काढून ढिगाऱ्यांत पडलेले लोहखनिज शासनाचे ठरले. ई-लिलावाच्या रकमेतून पट्टेदारांना उत्खननाचा सरासरी खर्च, कामगारांना निलंबनकाळातील निम्मे वेतन व महागाई भत्ता, तर बंदराला साठवणूक शुल्काच्या मागणीचा निम्मा भाग मिळावयाचा होता. उरलेल्यातील 10 टक्के कायम निधीसाठी राखून बाकी रक्कम शासनाची झाली. श्रम व खर्चाची भरपाई झाली. मालकी मात्र मिळाली नाही.

चऱ्होलीच्या खोदकामास आणखी एक निर्णय लागू पडतो. पायासाठी काढलेली माती त्याच जागेत भरावासाठी वापरली, तर केवळ उत्खननामुळे ती गौण खनिज ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 3 डिसेंबर 2014 रोजी पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात म्हटले. तीच माती बाहेर विकल्यास हा आधार राहत नाही. व्यवहार मोडला आणि ताबा नाकारण्यात खरेदीदाराचा दोष नसला, तर दिलेल्या रकमेपुरता त्याचा बोजा कलम 55(6)(ब) अन्वये विक्रेत्याच्या जमिनीतील हितसंबंधावर राहतो. तो बोजा जमिनीवर असतो. ट्रकमधून गेलेल्या मुरुमावर नाही.